कॉलेज निवडताना सुटायची वेळ विचारा

बारावीतल्या मुलीला तबला येतो, पक्षी ओळखता येतात, तिची स्केचबुकं भरलेली असतात, गणपतीत ती पथकात ढोल वाजवते आणि जमेल तेव्हा एकांकिकेच्या नेपथ्यालाही हात लावते, हे कळलं की घरी आलेला पाहुणा तोंड भरून कौतुक करतो आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारतो, "मग पुढे काय करणार?" उत्तर एकवचनीच हवं असतं. डॉक्टर, इंजिनीअर, सीए; पाहुणा फारच पुढारलेला असेल तर डिझायनर. मुलगी गप्प बसली की आई सारवासारव करते, "तेच तर ठरत नाहीये हिचं." पाहुण्याची पाठ वळली की घरातलं कोणीतरी ठेवणीतली म्हण काढतं, एक ना धड भाराभर चिंध्या.

या मुलांच्या बाबतीत ही म्हण मला चुकीची वाटते, आणि त्याहून जास्त सोयीची वाटते. मुलाला सगळं झेपत नाही असं एकदा ठरवून टाकलं की दुसऱ्या कोणालाच काही बदलावं लागत नाही. ना कॉलेजला, ना क्लासला, ना महापालिकेला. माझं म्हणणं साधं आहे. ठाण्यात आणि नवी मुंबईत सतरा-अठरा वर्षांच्या मुलांचे छंद सुटतात, कारण त्यांची संध्याकाळ आपण आधीच कोणाला तरी देऊन बसलेलो असतो. तेव्हा पुढच्या शिक्षणाचा विचार करताना कोणता छंद ठेवायचा आणि कोणता सोडायचा याचा काथ्याकूट घरात बसून करू नये. कुठल्या कॉलेजात गेल्यावर दिवसाचे दोन तास मुलाच्या हातात उरतील, ते आधी बघावं. आणि असे तास उरू देणारी कॉलेजं मिळत नसतील, तर तशी मागणी उघडपणे करावी.

मी ठाण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. वर वर्णन केलेली मुलगी माझ्या वर्गात आहे, ऐरोलीहून येते. तिची जर्नल तपासताना दर वेळी एकच गंमत होते. जीवशास्त्राच्या आकृतीत छटा द्यायच्या नसतात. रेघ एकसंध हवी, नावं उजवीकडे एका सरळ रेषेत हवीत, बस्स. ही मात्र सवयीने पेन्सिल आडवी धरते आणि पेशीच्या भिंतीला उजेड-सावली देऊन मोकळी होते. मी खोडायला लावते, ती खोडते, पुढच्या पानावर पुन्हा तेच. कांद्याच्या मुळांची टोकं रंगात घालून ठेवली की थोडा वेळ थांबावं लागतं. बाकीची मुलं तेवढ्यात मोबाइल काढतात. हिची बोटं बाकाच्या कडेवर चालू होतात. आधी सावकाश ठेका, मग कुठलासा कायदा, म्हणजे तबल्यातली ठरलेली बोलरचना, मग त्याचे पलटे. स्लाइड मात्र वर्गात सगळ्यांत चांगली तिचीच निघते. मुळाचं टोक काचेखाली दाबताना किती जोर द्यायचा हे ज्याच्या बोटांना कळतं त्याचीच स्लाइड जमते, आणि ती बोटं कुठे तयार झाली हे मला वेगळं सांगायला नको.

आता याच वर्गातले बाकीचे बघा. पटावर वर्ग भरलेला आहे, बाकांवर नाही. अर्ध्याहून जास्त मुलं 'इंटिग्रेटेड'ची. ज्यांना हा प्रकार माहीत नाही असे ठाण्यात फार लोक उरले नसावेत, तरी सांगते. प्रवेश कॉलेजात, मूल क्लासात. दोघांचं आधीच ठरलेलं असतं. सकाळी सातला बाहेर पडलेलं मूल संध्याकाळी सातला घरी येतं, जेवून पुन्हा गृहपाठाला बसतं आणि रविवारी टेस्ट देतं. कॉलेजात ते दिसतं प्रॅक्टिकलच्या परीक्षेला, तेही मायक्रोस्कोपचा कुठला स्क्रू फिरवायचा हे शेजाऱ्याला विचारत. अशा मुलाला छंद किती आहेत हा प्रश्नच येत नाही. एक असला काय आणि पाच असले काय, शून्याने गुणल्यावर शून्यच.

हे कोणाला माहीत नाही असंही नाही. २०१८ साली राज्य सरकारने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, तो याच साट्यालोट्यावर उपाय म्हणून. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने कोचिंग क्लासांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शाळा-कॉलेजच्या वेळेत क्लास घ्यायचा नाही, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त शिकवायचं नाही, आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यायची आणि त्या सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा ठेवायची नाही, असं त्यात लिहिलेलं आहे. वाचताना बरं वाटतं. ठाणे स्टेशनबाहेर सकाळी सव्वासातला उभं राहून खांद्यावर एकाच क्लासच्या सारख्या बॅगा अडकवलेल्या मुलांचा लोंढा बघितला की त्या पाच तासांचं काय झालं ते समजतं.

इथे पालक मला अडवतात, आणि त्यांचं म्हणणं खोटं नसतं. सरकारी वैद्यकीय जागा किती आणि नीटला बसणारे किती, हे आम्हाला शिकवू नका, असं ते म्हणतात. मान्य आहे. ज्या मुलाला खरोखर वैद्यकीयलाच जायचं आहे, त्याने परीक्षेआधीचे काही महिने बाकी सगळं बाजूला ठेवलं तर मी त्याला शाबासकीच देईन. माझा आक्षेप त्या काही महिन्यांवर नाही. दहावीच्या सुट्टीपासून, कधीकधी तर आठवीपासूनच 'फाउंडेशन'च्या नावाखाली संध्याकाळ काढून घेण्यावर आहे. आणि ज्याला काय व्हायचं ते अजून ठरलेलंच नाही अशा मुलालाही, राहू दे हाताशी, म्हणून त्याच घाण्याला जुंपण्यावर आहे. न ठरलेलं मूल खरं तर चार गोष्टी करून बघितल्यावरच ठरवू शकेल. तीच सोय आपण आधी काढून घेतो आणि मग विचारतो, तुझं ठरत का नाही?

छंदांना कोणी मानच देत नाही असंही म्हणता येणार नाही. उलट हल्ली फार दिला जातो, आणि गडबड तिथेच होते. शासकीय रेखाकला परीक्षेचं उदाहरण घ्या. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली की दहावीच्या निकालात ७ गुण वाढतात, ब श्रेणीला ५, क श्रेणीला ३. शास्त्रीय गायन, वादन, नृत्याच्या परीक्षांनाही असे वाढीव गुण आहेत. हेतू चांगला होता, चित्रकलेच्या तासाला गणिताच्या सरांनी बळकावू नये इतपत तरी इभ्रत मिळावी. झालं काय, तर आठवी-नववीत ठाण्यातल्या चित्रकलेच्या क्लासांत बसायला जागा नसते आणि दहावीत बाकं रिकामी. गुण जमा झाले, रंगांची पेटी माळ्यावर.

तबल्याचंही तेच. ज्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देशभर मुलं देतात, त्याचं मुख्यालय आपल्या वाशीत आहे. विष्णू दिगंबर पलुस्करांच्या शिष्यांनी १९३१ साली हे मंडळ उभारलं. प्रारंभिकपासून विशारदपर्यंतची ती शिडी मला मुळीच वाईट वाटत नाही. शिकणाऱ्याला आपण कुठवर आलो ते कळतं, शिकवणाऱ्यालाही शिस्त लागते. पण पालक विचारतात, "सर, दहावीच्या आत कितव्या परीक्षेपर्यंत होईल?" त्या प्रश्नातच शिकणं संपलेलं असतं. नौपाड्यातले एक तबल्याचे सर हसत सांगतात, "दहावीनंतर माझ्याकडे उरतात ती पोरं खरी. आधीची गर्दी बोर्डाची."

याच्या वरचा मजला म्हणजे 'प्रोफाइल'. घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये सध्या याचा जोर आहे. अमेरिकेतल्या शेकडो विद्यापीठांना चालणाऱ्या सामायिक अर्जात शाळेबाहेरचे उपक्रम लिहायला दहा रकाने असतात. दहापर्यंत लिहा, असं अर्ज म्हणतो. सल्लागार मात्र पालकांना सांगतात, दहा भरा. मग नववीतलं पोर एक संस्था 'स्थापन' करतं, उपवन तलावाकाठी दोन रविवार प्लास्टिक गोळा करतं, फोटो निघतात, तिसऱ्या रविवारी कोणी येत नाही. ज्या मुलाला एरवी खरंच चार-पाच गोष्टींची हौस आहे, तेही या नादात आपल्या हौसेकडे रकाना म्हणून बघायला लागतं. मला याचं सगळ्यांत जास्त वाईट वाटतं. पक्षी बघायला गेलेल्या मुलाने पक्ष्याआधी स्वतःचा फोटो काढला की समजावं, सल्लागाराची फी वसूल झाली.

देशी आवृत्तीही येऊ घातली आहे. आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून खेळाडूंसाठी आणि २०२५-२६ पासून कला-संस्कृतीतल्या गुणवंतांसाठी प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात दोन जादा जागा ठेवल्या, त्यातली एक मुलींसाठी. पाऊल स्वागतार्ह आहे. पण त्यासाठी जेईई अॅडव्हान्स्डच्या गुणवत्ता यादीत आधी यावं लागतं, आणि आपल्याकडे जेईईच्या वाटेवर पहिला बळी घुंगरांचा जातो. दोन्ही निभावणारी मुलं असतील, त्यांना माझा नमस्कार. त्यांच्या बातम्या येतील, आणि मग "बघ, तिने केलं ना" हे ऐकवायला आणखी एक उदाहरण घराघरांत जमा होईल.

उदाहरणांचा विषय निघालाच आहे तर आपल्या आवडत्या उदाहरणांकडे वळू. "आधी डॉक्टर हो, मग काय ते नाटक कर" हे मराठी घरातलं पेटंट वाक्य. पुरावेही तयार असतात. ठाण्यातलं एक नाट्यगृह ज्यांच्या नावाने आहे ते काशिनाथ घाणेकर दंतवैद्य होते. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, १९६९ साली पूर्ण वेळ रंगभूमीवर आले. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. यादी खरी आहे, पण तिचा अर्थ आपण उलटा लावतो. यातले लागू, पटेल आणि आगाशे हे तिघेही पुण्याच्या एकाच बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातले. आधी डॉक्टर आणि मग नाटक असं त्यांचं झालं नाही. नाटक कॉलेजात असतानाच चाललं होतं, कारण कॉलेजात ते चालायला वाव होता. गॅदरिंग होतं, एकांकिकांच्या तालमी होत्या, पुढे १९६३ पासून पुरुषोत्तम करंडकासारखी स्पर्धा होती. वैद्यकीयचा अभ्यास तेव्हाही सोपा नव्हता. फरक एवढाच की कॉलेज सुटत होतं, आणि सुटल्यावर मुलं कॉलेजातच थांबत होती. ही यादी मुलांना ऐकवण्याआधी आपण प्राचार्यांना ऐकवायला हवी.

आता प्रत्यक्ष त्या मुलीच्या तारेवरच्या कसरतीकडे येऊ, कारण ती वाटते तितकी अवघड नाही. लांबून बघणाऱ्याला वाटतं की ती रोज पाचही गोष्टी करते. तसं कोणीच करत नाही. ढोलपथकाचा सराव पावसाळ्यात सुरू होतो आणि विसर्जनाला संपतो. एकांकिकांचा मोसम पावसाळ्याच्या मध्यापासून थंडीपर्यंत. ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो नोव्हेंबरच्या सुमारास यायला लागतात आणि मे अखेरीस उडून जातात. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ पासून अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. फ्लेमिंगोंनी वेळ मात्र चांगली निवडलेली नाही, नेमके जेईई, बोर्ड आणि सीईटीच्या महिन्यांत हजर. स्केचबुकाला मोसम नसतो. ते ट्रेनमध्ये मांडीवरही चालतं, आणि दोन महिने बंद राहिलं तरी रुसत नाही.

तबला तेवढा वेगळा. तो रोजचा आहे. आठ दिवस हात लावला नाही की हात जड होतो, पंधरा दिवसांनी 'तिरकिट'सारखा बोल साफ निघत नाही आणि महिन्याने माणूस तबला उघडायचंच टाळायला लागतो. म्हणून परीक्षेच्या काळात सगळ्यात आधी तबला बंद करतात, हे मला मुळातच उलटं वाटतं. वीस मिनिटं, एकच कायदा, ठाय म्हणजे संथ आणि दुगुण म्हणजे दुप्पट लयीत, एवढ्यावर हात टिकतो. बाकीचे छंद चार महिने बाजूला राहिले तरी परत येतात. तबल्याचं तसं होत नाही. घरात बसून ठरवायचंच असेल तर हे ठरवावं, रोज काय लागतं, मोसमात काय येतं आणि काय थांबू शकतं. पाचातून एक निवडायची गरज त्या हिशेबात कुठेच येत नाही.

पण हा सगळा हिशेब संध्याकाळ शिल्लक आहे असं धरून केला. ती शिल्लक राहील की नाही हे कॉलेज कुठलं घेतो यावर ठरतं, आणि आपल्याकडे कॉलेज ठरतं कटऑफवर. १८५३ साली बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्याला आली, तेव्हापासून ठाणेकर शिक्षणासाठी दक्षिणेकडेच तोंड करून बसलेला आहे. माटुंगा, चर्चगेट, फोर्ट. तिथल्या कॉलेजांचं वलय खरं आहे, शिक्षकही चांगले आहेत. पण घोडबंदर रोडवरच्या कासारवडवलीत राहणाऱ्या मुलाला गर्दीच्या वेळी आधी ठाणे स्टेशन गाठायलाच तासभर सहज लागतो, पुढे लोकल. जाऊन-येऊन चार तास रस्त्यात गेल्यावर तो घरी येऊन काय रियाज करणार? ठाणे-वाशी मार्गावर २००४ पासून लोकल आहे. ऐरोली, वाशी, नेरुळ, बेलापूर ही कॉलेजं ठाणेकराला अर्ध्या-पाऊण तासाची. गाडी दक्षिणेच्या मानाने रिकामी, आणि बसायला मिळालं तर स्केचबुकही उघडता येतं. तरी प्रवेशाच्या पसंतीक्रमात ती खालीच जातात, कारण कटऑफ खाली म्हणजे दर्जा खाली, असं आपण धरून चाललो आहोत.

याचा अर्थ लांब जाऊच नये असा नाही. छंद कॉलेजातच असेल तर गोष्ट वेगळी. ज्याला नाटकच करायचं आहे त्याने माटुंग्याच्या एखाद्या कॉलेजच्या नाट्यमंडळासाठी रोजची लोकल खुशाल सोसावी, त्याच्या तालमी तिथेच आहेत, मित्रही तिथेच होणार. पण ज्याचे गुरू नौपाड्यात, खाडी ऐरोलीत आणि पथक कळव्यात, त्याने फक्त नावासाठी चर्चगेटला जाणं म्हणजे तिन्ही गोष्टींवर पाणी सोडणं. हा व्यवहार डोळे उघडे ठेवून करावा, एवढंच.

पदवीच्या पातळीवर आणखी एक गोष्ट बदलली आहे, जी पालकांना अजून नीट कोणी सांगितलेली नाही. नवीन शैक्षणिक धोरण २०२० सालचं. आपल्या राज्यात ते स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि बाकीच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीला लागू झालं. तीन वर्षांना १३२ क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या तासांवर मिळणारे श्रेयांक, चार वर्षांना १७६. एक मुख्य विषय, एक दुय्यम म्हणजे मायनर, शिवाय दुसऱ्या शाखेतला एखादा खुला विषय. एका वर्षानंतर बाहेर पडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका. म्हणजे प्राणिशास्त्र घेतलेल्या मुलीला दुसऱ्या शाखेतलंही काही रीतसर शिकता येईल अशी जागा कागदावर तरी तयार आहे. प्रत्यक्षात काय, तर त्या कॉलेजात ज्या विषयाचे शिक्षक आहेत तोच विषय तुमच्या आवडीचा निघतो. ठाण्यात खाडीकाठच्या एकाच आवारात विज्ञानाचं बांदोडकर आणि कला-वाणिज्याचं जोशी-बेडेकर महाविद्यालय शेजारी-शेजारी आहेत. तिथे किंवा कुठेही प्रवेश घेताना खिडकीवर सरळ विचारावं, विज्ञानाच्या मुलीला पलीकडच्या इमारतीतला विषय घेता येतो का, आणि येत असेल तर दोन्ही तास एकाच वेळी तर लावलेले नाहीत ना? वेळापत्रक भल्याभल्या धोरणांना पुरून उरतं.

त्याच धोरणात सहशैक्षणिक उपक्रमांनाही क्रेडिट आहेत. खेळ, एनएसएस, एनसीसी, सांस्कृतिक काम. इथे मी थोडी धास्तावलेली आहे. आमच्याकडे कुठलाही कार्यक्रम झाला की आधी जिओटॅग केलेला फोटो लागतो, मग उपस्थितीच्या सह्या, मग अहवाल. ज्या तालमीचा फोटो नाही ती झालीच नाही. अशा कारभारात छंदाला क्रेडिट द्यायचे म्हणजे आणखी एक हजेरीपट. इंटरमिजिएटच्या ७ गुणांनी चित्रकलेचं जे केलं, ते कॉलेजात सगळ्याच कलांचं व्हायला वेळ लागणार नाही. क्रेडिट द्यायचेच असतील तर द्या, पण त्याआधी एक खोली द्या, तिची किल्ली मुलांच्या हातात द्या आणि रात्री आठपर्यंत ती उघडी ठेवा.

खोलीचं म्हणते त्याला कारण आहे. आतापर्यंत मी ज्या मुलांबद्दल बोलले त्यांच्याकडे निदान तबला आहे, दुर्बीण आहे, फी भरणारे आई-वडील आहेत. कळव्याच्या, दिघ्याच्या चाळींत राहणारी मुलंही माझ्याच वर्गात आहेत. त्यातला एक कबड्डी उत्तम खेळतो, घरातल्या बिघडलेल्या मिक्सरपासून शेजाऱ्याच्या टीव्हीपर्यंत काहीही दुरुस्त करतो आणि भजनात मृदंग वाजवतो. त्याला 'बहुगुणी' असं कोणी म्हणत नाही, आणि 'चिंध्या' असंही कोणी म्हणत नाही. त्याच्या या गोष्टी कोणी मोजलेल्याच नाहीत. तो संध्याकाळी एका मेडिकलच्या दुकानात बसतो. त्याची संध्याकाळ क्लासने नाही, पगाराने घेतली आहे. त्याला जवळचं, स्वस्त आणि उशिरापर्यंत उघडं असलेलं कॉलेज माझ्या त्या तबलावाल्या विद्यार्थिनीपेक्षा जास्त गरजेचं आहे.

महापालिकांनी अभ्यासिका काढल्या, चांगलं केलं. तिथे मान मोडून वाचणारी मुलं बघितली की बरंही वाटतं. पण वाजवायला, नाचायला, तालमीला, काही खोलून जोडायला जागा नाही. फ्लॅटमध्ये रात्री नऊला तबला काढला की सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार येते, 'आवाज कुठल्या मजल्यावरून?' नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने १९७० नंतर सेक्टर आखताना निदान मैदानं नकाशावर ठेवली. घोडबंदरला जे काही आहे ते बहुतेक गेटच्या आत, सभासदांसाठी. पालिकेच्या शाळांच्या इमारती मात्र दोन्ही शहरांत संध्याकाळी रिकाम्या असतात. वॉर्डात एक शाळा, तीन वर्ग, सहा ते नऊ, ओळखपत्र दाखवून आत. वॉचमनचा पगार आणि विजेचं बिल, याहून मोठा खर्च मला तरी दिसत नाही. नाट्यगृहांत सकाळचे जे रिकामे तास असतात ते महाविद्यालयीन नाट्यमंडळांना नाममात्र भाड्यात द्यायला काय हरकत आहे? वाशीच्या नाट्यगृहाला विष्णुदास भाव्यांचं नाव आहे. १८४३ साली सांगलीत त्यांनी पहिलं मराठी नाटक उभं केलं, तेव्हा त्यांच्याकडे तरी तयार रंगमंच कुठे होता, असं कोणी म्हणेल. त्यांच्यामागे सांगलीचे राजे होते, एवढं लक्षात ठेवावं.

राहता राहिली सरकारकडची मागणी, आणि ती अगदी छोटी आहे. अकरावीचे प्रवेश आता राज्यभर एकाच पोर्टलवर होतात. प्रत्येक कॉलेजपुढे शाखा, माध्यम, जागा, फी आणि गेल्या वर्षीचा कटऑफ दिसतो. त्याच ओळीत आणखी चार रकाने घाला. शेवटचा तास किती वाजता संपतो. ग्रंथालय आणि प्रयोगशाळा किती वाजेपर्यंत उघडी असते. मैदान किंवा सभागृह स्वतःचं आहे का. आणि गेल्या वर्षी बारावीच्या विज्ञान वर्गात सरासरी प्रत्यक्ष हजेरी किती होती. पहिले तीन रकाने भरायला कॉलेजं फारशी कुरकुर करणार नाहीत. चौथ्याला मात्र बैठका होतील, शिष्टमंडळं मंत्रालयात जातील, तांत्रिक अडचणी सांगितल्या जातील. तो रकाना सगळ्यात आधी भरून घ्यावा.